लर्निंग डिसॅबिलिटी असलेल्या मुलासाठी महागडी खासगी शाळा : जागा विकून फी भरावी का?

निळीशाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबलंय, सांभाळून घ्या.

मुलगा चौथीत आहे, मुलुंडच्या एका इंग्रजी माध्यमाच्या एसएससी शाळेत. तोंडी काहीही विचारा, सांगतो. दिवाळीत किल्ला केला तेव्हा राजगडाच्या तिन्ही माच्या, सुवेळा, संजीवनी, पद्मावती, न बघता जागच्या जागी बसवल्या. वही उघडली की मात्र पानभर खाडाखोड. 'भ'चा 'म' होतो, 'घ'चा 'ध', इंग्रजी 'बी'चा 'डी'. एक उतारा फळ्यावरून उतरवायला अख्खा तास जातो आणि तो उताराही अर्धाच असतो. जूनमध्ये खासगीत असेसमेंट करून घेतली, 14,000 रुपये लागले. डिसलेक्सिया आणि डिसग्राफिया, म्हणजे वाचण्याची आणि लिहिण्याची अडचण. बुद्ध्यांक 112.

रिपोर्ट घेऊन शाळेत गेलो. मुख्याध्यापिका गोड बोलल्या, पण बोलण्याचा अर्थ असा की पाचवीपासून अभ्यास वाढतो, आमच्याकडे स्पेशल एज्युकेटर (अशा मुलांना शिकवणारी प्रशिक्षित शिक्षिका) नाही, तुम्ही वेळेत दुसरीकडे बघितलंत तर मुलाचंच भलं.

दुसरीकडे बघितलं. पवईच्या बाजूला एक शाळा आहे, तिथे लर्निंग सपोर्टचा स्वतंत्र विभाग आहे. फी वर्षाला 3,90,000. लर्निंग सपोर्टचे वेगळे 1,20,000. बस 54,000. म्हणजे 5,64,000. डिपॉझिट वेगळं. आत्ताची फी 62,000 आहे. दोघांचे मिळून हातात महिना 1,18,000 येतात, घराचा हप्ता 38,000, सासूबाईंची औषधं आहेत. नवरा म्हणतो गुहागरची जागा विकू. ती सासऱ्यांनी राखलेली एकमेव गोष्ट आहे.

तुम्ही काय केलं असतं? ज्यांनी हे केलंय त्यांच्याकडून ऐकायचं आहे.

खारीबिस्किट

वाचते आहे. माझी दुसरीत आहे आणि मला तेच दिसायला लागलंय.

आगाशी_लोकल

ताई, आम्ही केलंय. तीन वर्षं. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आमची मुलगी तिसरीत असताना अशाच एका शाळेत घातली. माहितीपत्रकात 'रिसोर्स रूम', 'प्रत्येक मुलासाठी वेगळा शैक्षणिक आराखडा' असं सगळं होतं. दीड वर्षाने एका ओपन डेला सहज विचारलं की तिला आठवड्यात नक्की किती तास मिळतात. उत्तर आलं, दोन पिरियड. पस्तीस मिनिटांचे. आणि त्या खोलीत एका बाईंसमोर आठ मुलं, चार वेगवेगळ्या इयत्तांची. एकाला लक्ष एकाग्र करण्याची अडचण, एकाला बोलण्याची, आमचीला वाचनाची. त्या बाई मनापासून करत होत्या, त्यांच्याबद्दल एक शब्द वाईट बोलणार नाही. पण आठ मुलं!

शेवटी शाळा सुटल्यावर बाहेर रेमेडियल, म्हणजे अशा मुलांसाठीची खास शिकवणी, लावलंच. म्हणजे सपोर्टचे पैसे शाळेला आणि खरा सपोर्ट बाहेर, दोन्हीकडे भरत राहिलो. तिसऱ्या वर्षी काढली. आता ती वसईत साध्या अनुदानित शाळेत आहे आणि बाहेरचं रेमेडियल चालू आहे.

म्हणून तुम्हाला सांगणं एवढंच: पैसे भरण्याआधी त्या विभागात जाऊन बसा. किती शिक्षक, किती मुलं, माझ्या मुलाला आठवड्यात किती मिनिटं, हे कागदावर मागा. तोंडी नको.

वकीलवाडी

शाळेचं 'दुसरीकडे बघा' हे बोलणं कायद्याला धरून नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकार आहेत (1995 च्या जुन्या कायद्यात फक्त सात होते) आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (म्हणजे आपली लर्निंग डिसॅबिलिटी) त्यात आहे. कलम 16 नुसार सरकारी अनुदान असलेल्या किंवा सरकारची मान्यता असलेल्या, दोन्ही प्रकारच्या शाळांनी मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आहे. अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणं हेसुद्धा त्याच कलमात शाळेचं काम म्हणून लिहिलेलं आहे. तुमची शाळा खासगी असली तरी मान्यता आहेच, त्यामुळे 'आमच्याकडे सोय नाही' हे मुलाला बाहेर काढण्याचं कारण होऊ शकत नाही. कलम 17 मध्ये जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट हे सगळं येतं.

पहिलं काम: मुख्याध्यापिका जे तोंडी बोलल्या ते ईमेलवर आणा. 'आपल्या अमुक तारखेच्या भेटीत आपण असं सुचवलंत, कृपया लेखी कळवावं' एवढंच लिहायचं, एकही कठोर शब्द नको. बहुतेक शाळांचा सूर तिथेच बदलतो.

आता पैशांचं. शिक्षणहक्क कायद्यातल्या, खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल गटांसाठी राखलेल्या 25 टक्के जागा खूप जणांना आठवतात. 2012 च्या दुरुस्तीने अपंग मुलं वंचित गटात आली, ते बरोबर. पण ते प्रवेश पहिलीत किंवा त्याआधीच्या प्रवेशवर्गात होतात, आणि अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आधी मिळत नाही. म्हणजे दार सहाव्या वर्षी उघडतं आणि किल्ली आठव्या वर्षी हातात येते! दृष्टिदोष किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला या तरतुदीचा उपयोग होतो, आपल्या मुलांना जवळपास होत नाही. शिवाय अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर या कायद्याच्या बाहेर आहेत. मुंबईतल्या मिशनरी शाळा त्यातच येतात.

दुपारचीचाळ

सहा आणि आठचं गणित पहिल्यांदाच कळलं. इतकी वर्षं आम्हाला वाटायचं आम्हीच अर्ज उशिरा केला.

पावसाळी_बूट

वकीलवाडी, तुमचा प्रत्येक शब्द खरा आहे आणि मी तो सगळा मार्ग चालून आले आहे. म्हणून थोडा विरोध.

आम्ही ईमेल केला. शाळा नमली, मुलगी राहिली. पण वर्गात काय चालतं ते कायद्याला दिसत नाही. जादा वेळ दिला तो कसा, तर पेपर संपल्यावर सगळी मुलं घरी निघालेली आणि हिला ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवलेलं, समोरून ये-जा चालू. 'तुझी आई तक्रार करते ना, मग तूच वाच आता' हे एका शिक्षिकेने सगळ्या वर्गासमोर म्हटलं. दर रविवारी संध्याकाळी तिच्या पोटात दुखायचं. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. सोमवारी सुट्टी असली की दुखायचं नाही, तेव्हा आम्हाला कळलं.

सहावीत आम्ही महागड्या शाळेत घातली. माझ्या बहिणीने दोन वर्षांची अर्धी फी दिली, ते ऋण मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिथे पहिल्या आठवड्यात शिक्षिकेने तिला सांगितलं की उत्तर बोलून दिलंस तरी चालेल, मी लिहून घेते. त्या रविवारी पोट दुखलं नाही. आता नववीत आहे. स्पेलिंग अजून चुकतात, पण ती हात वर करते.

आगाशी_लोकलना आलेला अनुभव खरा असणार. पण 'महाग शाळा म्हणजे फसवणूक' असा अर्थ कोणी घेऊ नये म्हणून लिहिलं.

आगाशी_लोकल

@पावसाळी_बूट, नाही हो, तसं मला म्हणायचं नव्हतं. बाकावर बसवल्याचं वाचून हातपाय गार पडले. तुम्ही जे केलंत ते योग्यच केलंत.

समीकरण

मी परळच्या एका मराठी शाळेत 31 वर्षं गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. निळीशाई, बाळा, आधी एक सांगतो. तुझा मुलगा 'भ'चा 'म' करतो ते मी शेकडो वह्यांत बघितलं आहे, आणि पहिली पंधरा वर्षं त्याला निष्काळजीपणा समजून लाल पेनाने गोल केले आहेत. ज्यांच्या वह्या मी लाल केल्या ती मुलं आज चाळिशीत असतील. त्यातल्या काहींची नावं अजून आठवतात.

देवनागरीत एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. अक्षर आणि उच्चार बरेचसे जुळतात, त्यामुळे इंग्रजीत जो गोंधळ उडतो तेवढा मराठीत उडत नाही. आमच्याकडची मुलं चुकीचं वाचायची कमी, पण फार सावकाश वाचायची. त्यामुळे मराठी शाळेत हा दोष उशिरा लक्षात येतो. जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ आले की मग उघडा पडतो.

गणिताचं उलट आहे. मराठी संख्यानामं या मुलांना फार छळतात. 'बासष्ट' म्हणताना दोन आधी ऐकू येतो आणि लिहायचा असतो सहा आधी. एकोणसाठमध्ये तर ना पाच ऐकू येत ना नऊ. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'साठ दोन', 'वीस एक' असं वाचण्याची पद्धत सुचवली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मंगला नारळीकर बाई गणित समितीच्या प्रमुख होत्या. त्या शांतपणे समजावत होत्या आणि लोक त्यांच्यावर भाषा बुडवल्याचा आळ घेत होते.

तिखटशेव

सर, आदर ठेवून असहमत. बासष्ट, त्रेसष्ट हे आमच्या आजीच्या तोंडचे शब्द आहेत. ते गेले की भाजीवाल्याशी मुलं कोणत्या भाषेत बोलणार? आधीच मुंबईत 'सिक्स्टी टू' चालू आहे.

समीकरण

बासष्ट जायला नकोच. पुस्तकातही जुनी पद्धत काढली नव्हती, नवी जोडीला दिली होती. पण ज्या मुलाला अंक उलटे दिसतात त्याला आधी 'साठ दोन'चा हात धरून चालू द्या, बासष्टवर तो नंतर येईल. मी शेवटची दहा वर्षं शतकमाळ वापरायचो. दहा लाल मणी, दहा पांढरे, असे शंभर. पोरगं साठ मणी सरकवतं, मग दोन. हाताला कळलं की मग तोंडाला कळतं.

दुपारचीचाळ

बासष्टवरून धागा गुहागरच्या जागेवर परत न्या कोणीतरी. :)

दोन_नंबर_प्लॅटफॉर्म

नेतो. मी रेल्वेत आहे, त्यामुळे माझं गणित वेगळं पडलं. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना मुलांचा शिक्षणभत्ता मिळतो, जानेवारी 2024 पासून महिन्याला 2812.50 रुपये. दिव्यांग मुलासाठी तो दुप्पट आहे, 5625. माझ्या ऑफिसात कितीतरी जणांना हे दुप्पट प्रकरण ठाऊकच नव्हतं. त्यासाठी दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त अशी नोंद असलेलं प्रमाणपत्र लागतं. इथे कोणी पोस्टात, आयकरात, बंदरात असेल तर आजच बघा.

निळीशाई, तुमचा रिपोर्ट खासगी आहे. बोर्डाच्या सवलतींसाठी सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागेल. शीव, नायर, केईएम इथे हे काम होतं. शाळेचं पत्र, मागच्या वर्षांच्या प्रगतिपुस्तकांच्या झेरॉक्स आणि दोन-चार वह्या घेऊन जा, स्वच्छ वही नको, खरी वही न्या. केसपेपर नाममात्र पैशांत निघतो. त्यानंतर डोळे, कान, बालरोगतज्ज्ञ, बुद्ध्यांक चाचणी, शैक्षणिक चाचणी असे चार-पाच फेरे होतात. आम्हाला एका रुग्णालयात पहिल्या तारखेपासून कागद हातात येईपर्यंत सात महिने लागले. मुलाला डबा आणि गोष्टीचं काहीतरी बरोबर ठेवा. माझा बाकावर बसून लोकलचे डबे मोजायचा. हे प्रमाणपत्र चौदाव्या वर्षी आणि अठराव्या वर्षी पुन्हा करावं लागतं, हेही डोक्यात असू द्या. आणि सवलतींचं एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी) सर्टिफिकेट वेगळं, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, वेगळं. कार्डाचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो.

अर्धाकप

सगळं वाचून रडू आलं. माझा मुलगा या कशातच बसत नाही. बुद्ध्यांक 79. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळायला 85 च्या वर लागतो आणि मतिमंदत्वाच्या प्रमाणपत्रासाठी 70 च्या खाली. डॉक्टरांनी फाइल बंद करून हातात दिली आणि म्हणाले, 'स्लो लर्नर आहे, अभ्यास घ्या.' खासगी शाळा म्हणते प्रमाणपत्र आणा, मग सवलत देऊ.

खडूफळा

मी स्पेशल एज्युकेटर आहे, दादर-माहीम भागात काम करते. आधी अर्धाकप यांना.

तुमच्यासाठी मुक्त विद्यालय हा खरोखर चांगला रस्ता आहे आणि त्याला प्रमाणपत्र लागत नाही. एनआयओएसमध्ये (राष्ट्रीय मुक्त विद्यालयात) दहावीला पाच विषय पुरतात, त्यातली एक भाषा हवी. बीजगणित झेपत नसेल तर गणित न घेता गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एन्ट्री असे विषय घेता येतात. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, म्हणजे एका वेळी दोन विषय देऊन पुढे जाता येतं. चौदा वर्षं पूर्ण हवीत. ही दहावी इतर बोर्डांच्या बरोबरीने मान्य आहे. 'एनआयओएस म्हणजे नापासांचं' असं नातेवाईक म्हणतील, म्हणू द्या. माझे दोन विद्यार्थी त्यातून हॉटेल मॅनेजमेंटला गेले. मुलाचं वय कळवा, आपण बोलू.

निळीशाई, आता तुमचं. डिसलेक्सियाला औषध नाही, पण शिकवण्याची पद्धत आहे आणि ती जुनी, पारखलेली आहे. आवाज आणि अक्षर यांची जोडी एकेक करून, ठरलेल्या क्रमाने, डोळा-कान-हात तिन्ही वापरून पक्की करायची. आम्ही ताटलीत रवा पसरून बोटाने अक्षर गिरवून घेतो. हे आठवड्यातून दोन-तीनदा, दीड-दोन वर्षं सलग करावं लागतं. एक तास एका मुलासाठी. माझ्या माहितीत मुंबईत याचे तासाला 700 पासून 1,500 पर्यंत घेतात, भागानुसार. दोन सारख्या पातळीची मुलं एकत्र घेतली तर निम्म्यात होतं, आणि कधीकधी जास्त चांगलं होतं, कारण मुलाला कळतं की आपण एकटे नाही.

कोणाकडे जायचं ते बघताना भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा, आम्हाला नंबर असतो. रंगीत चष्मे, डोळ्यांचे व्यायाम, 'तीन महिन्यांत डिसलेक्सिया बरा' असं कोणी सांगितलं तर पर्स मिटा आणि बाहेर पडा. माझ्याकडे येणाऱ्या पालकांनी अशा ठिकाणी घातलेले पैसे ऐकून जीव तुटतो.

मुंबईत महाराष्ट्र डिसलेक्सिया असोसिएशन 1996 पासून काम करते आहे, मुलांच्या विकासावर काम करणारी उम्मीद ही संस्था 2001 पासून. दोन्हीकडे एकदा बोलून घ्या.

कच्चीकैरी

मी मुलगा आहे. म्हणजे तुमच्या धाग्यातला तो मुलगा, आता 34 वर्षांचा. हा प्रतिसाद फोनवर बोलून लिहितोय, चुका दिसल्या तर त्या फोनच्या आणि माझ्या दोघांच्या.

गिरगावात वाढलो. आईबाबांनी सातवीत मला फार महाग शाळेत घातलं. शाळा चांगली होती. पण मला माहीत होतं की ताईची क्लासची फी माझ्यामुळे थांबली आहे. घरात कोणी बोललं नाही, तरी मला कळत होतं. प्रत्येक टेस्टच्या आधी वाटायचं, आज नापास झालो तर बांगड्या फुकट गेल्या. आईच्या दोन बांगड्या त्या वर्षी दिसेनाशा झाल्या होत्या.

मला कशाने वाचवलं सांगू? मावशीने. ती रोज रात्री इतिहासाचं पुस्तक मोठ्याने वाचायची, मी भिंतीला पाय लावून ऐकायचो. नंतर परीक्षेला रायटर (लेखनिक) मिळाला, दहावी झाली. मी आज नाटकांची प्रकाशयोजना करतो. क्यू शीट, म्हणजे कोणता दिवा कधी लावायचा त्याची यादी, मी रंगांनी लिहितो, सहकाऱ्यांना सवय झाली आहे.

शाळेत घालू नका असं मी म्हणत नाही. पण जागा विकलीत तर ते त्याच्यासमोर कधीही बोलू नका, आणि न बोलताही त्याला कळेल हे धरून चाला.

निळीशाई

कच्चीकैरी, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. बराच वेळ कोणी बोललं नाही.

सगळ्यांना उत्तरं देते. ईमेल केला आहे. रुग्णालयाची पहिली तारीख मिळाली. पवईच्या शाळेला आठवड्याच्या मिनिटांबद्दल लेखी विचारलं आहे. हिशेबाचं कोणी सांगेल का? पाचवी ते दहावी सहा वर्षं मी नीट धरलेलीच नाहीत, फक्त पहिलं वर्ष धरलंय.

हिशेबनीस

मी धरतो. 5,64,000 पहिल्या वर्षी. या शाळांची फी दर वर्षी वाढते, 10 टक्के धरू. सहा वर्षांची बेरीज साधारण 43 लाख 50 हजार होते, आणि दहावीच्या वर्षी एकट्या त्या वर्षाचे नऊ लाख. पहिलं वर्ष ओढाताण करून निघेल. चौथ्या वर्षी काय, हा प्रश्न आत्ता विचारायचा, कारण आठवीत मुलाला परत काढावं लागणं हे आत्ता न घालण्यापेक्षा वाईट.

दुसरी बाजू: आत्ताची शाळा 62,000, आणि खडूफळा म्हणतात तसं रेमेडियल आठवड्यात तीनदा, 900 रुपयांनी, वर्षातले 45 आठवडे. 1,21,500. दोन्ही मिळून 1,83,500. म्हणजे महिन्याला पंधरा हजार. यात तुम्हाला जागा विकावी लागत नाही, आणि दोन वर्षांनी जमलं नाही तर जागा हातात असते.

आणखी दोन गोष्टी. जुन्या करप्रणालीत ट्यूशन फी वजावटीत धरता येते, दीड लाखाच्या मर्यादेत, पण बस, डिपॉझिट, बाहेरचं रेमेडियल त्यात बसत नाही. आणि 'फी हप्त्यांत भरा' म्हणणाऱ्या कंपन्यांकडून घेताना बघा: कंपनी वर्षाची फी शाळेला एकदम देते, कर्ज तुमच्या नावावर असतं. ऑक्टोबरमध्ये मूल काढलं तरी हप्ते मार्चपर्यंत चालूच.

पावसाळी_बूट

हिशेब बरोबर आहे. माझं एकच म्हणणं: पंधरा हजारांच्या रस्त्यात शाळा तीच राहते. त्या शाळेत तो सुखी आहे का, हे त्या 1,83,500 मध्ये कुठे लिहिलेलं नाही. रविवारी संध्याकाळी कसा असतो तो?

निळीशाई

रविवारी ठीक असतो. खरंच. वर्गात दोन जिवलग मित्र आहेत, एकाला तर तो शिकवतो, नकाशा वगैरे. हिंदीच्या बाई ओरडतात, बाकी त्रास नाही. तुम्ही विचारलंत म्हणून मी पहिल्यांदा हे नीट पाहिलं. मित्र सोडायला लावतोय हा विचार मी केलाच नव्हता.

खडूफळा

मित्र आहेत ही फार मोठी गोष्ट आहे, निळीशाई. माझ्याकडच्या कितीतरी मुलांना एकही नसतो.

घरी करण्यासारखं: बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, फोनला वाचायला लावा आणि त्याला बोट ठेवून बरोबर जाऊ द्या. सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी आहे, डिसलेक्सियाही त्यात येतो. आणि हिंदीच्या बाईंना रिपोर्टचं फक्त शेवटचं पान द्या, पूर्ण रिपोर्ट कोणी वाचत नाही. त्या पानावर तुम्ही हाताने तीन वाक्यं लिहा: याला फळ्यावरून उतरवायला लावू नका, मोठ्याने वाचायला अचानक उभं करू नका, तोंडी विचारा.

निळीशाई

(दीड महिन्याने)

उशीर झाला, माफ करा. काय झालं ते लिहिते.

शाळेचं लेखी उत्तर आलं. मुलाला काढा असं आम्ही म्हटलेलंच नव्हतं, असं त्यात आहे. असू दे. जादा वेळ मान्य केला आहे, आणि बाकावर नाही, ग्रंथालयात. हे मी पावसाळी_बूट यांच्यामुळे लिहून घेतलं. हिंदीच्या बाईंना तीन वाक्यं दिली. त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, माझ्या भाच्याचंही असंच आहे.

पवईच्या शाळेकडून उत्तर आलं: आठवड्याला 80 मिनिटं, सहा मुलांच्या गटात. 1,20,000 रुपयांत. आगाशी_लोकल, तुमचे आभार कसे मानू.

रेमेडियल सुरू केलंय, खडूफळांनी सांगितलं तिथे, भांडुपला, आणखी एका मुलाबरोबर, त्यामुळे तासाचे 500 पडतात. जागा विकलेली नाही. सहावीत पुन्हा बघू, तेव्हा कदाचित विकूही, नवऱ्याचं आणि माझं यावर अजून एकमत नाही. पहिल्या दिवशी घरी येताना रिक्षात म्हणाला, "आई, त्या टीचरना पण माहितीये की 'भ' आणि 'म' सारखे दिसतात."

आता त्याचं गणित अडतंय. एकोणसाठ.

समीकरण

शनिवारी दादरला घेऊन ये. शतकमाळ घरी पडून आहे, त्याला देतो. पत्ता निरोपात पाठवतो.

निळीशाई

येतो सर. सव्वादहाची स्लो पकडू.

खारीबिस्किट

सर, मीपण येऊ का लेकीला घेऊन? आणि खडूफळा, भांडुपचं सांगितलंत तसं डोंबिवलीत कोणी आहे का, दोन मुलं एकत्र घेणारं?

खडूफळा

आहे. मुलगी सात पूर्ण झाली का? असेसमेंटची घाई नको, वाचन आत्ताच सुरू करू. नंबर पाठवते.